न खणलेली जागा

दादा, काल तुझा दहावा झाला. झाला म्हणायचं एवढंच, कारण कावळा शिवला नाही. तुझ्या शेताच्या कडेच्या मेपलवर चांगले गलेलठ्ठ कावळे बसले होते, आमच्याकडे टक लावून पाहत होते, पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. तू असतास तर खुर्ची टाकून मजा बघत बसला असतास. आप्पांच्या दहाव्याला हिंगणघाटला नदीवर तुला हसू आवरेना म्हणून काकांनी डोळे वटारले होते. कावळ्याला काय कळतं, असं तू सगळ्यांदेखत विचारलं होतंस. आता तुझ्याच भातासाठी तुझा मुलगा आणि तुझी बहीण इथे कॅनडात, ग्वेल्फच्या बाहेर, त्या ओल्या थंडीत नाक पुसत उभे होते.

गुरुजी फोनवर होते. निखिलने फोन गाडीच्या बॉनेटवर टेकवला होता आणि त्यात गुरुजींचा अर्धाच चेहरा दिसत होता. ग्रोसरीतून आणलेलं केळीचं पान फ्रोझन होतं, उलगडताना फाटलं. म्हणून मी तुझी ती निळ्या काठाची एनॅमलची ताटली आणली, पानाचा तुकडा तिच्यात बसवला आणि पिंड त्यावर ठेवला. ठेवायची कुठे, ते निखिलने ठरवलं. गवतात सपाट जागा शोधत तो कुंपणाच्या आत गेला आणि ताटली टेकवून आला. मी तेव्हा चष्मा पुसत होते, माझं लक्ष नव्हतं.

"काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

निखिल आधी मराठीत चाचपडला, मग इंग्रजीत गेला. "बाबा, आय विल टेक केअर ऑफ आत्या."

कावळे ढिम्म.

"मला कशाला मध्ये घालतोस," मी म्हणाले. "दुसरं काहीतरी बोल."

"बाबा, तुमची पुस्तकं मी डोनेट नाही करणार." पुन्हा तेच. मग बुटांकडे पाहत तो म्हणाला, "बाबा, घराचं... आय ॲम सॉरी अबाउट द हाउस."

घर विकलं गेलंय, दादा. तू असतानाच तुम्हा दोघांचं ठरलं होतं, त्यात त्याची चूक नाही. घेणारा ते पाडून नवीन बांधणार आहे. मला वाटलं, आता तरी एखादा उतरेल. कावळ्यांनी माना वळवल्या, पण जागा सोडली नाही. गुरुजी घड्याळ पाहत म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववा, शास्त्रात सोय आहे, मला दुपारी मिसिसागाला दुसरं काम आहे.

मी म्हणाले, थांबा. तुझं काय राहिलंय ते मला माहीत होतं. ते तुझ्या बेसमेंटमध्ये, वहिनी लोणच्याच्या बरण्या ठेवायची त्या कोपऱ्यात पालथं पडलेलं होतं.

तुला ती दुपार आठवते ना, वॉशिंग मशीनचं पाणी बेसमेंटभर झालं ती? मी नॉर्थ यॉर्कहून सुट्टीला आले होते, वहिनी बादल्या भरत होती, आणि तू फरशीचा एक चपटा दगड पहारीने उचकटून खाली पाणी कुठे मुरतंय ते बघत होतास. मातीचा प्राध्यापक, तुला पाणी कुठे जातं ते कळल्याशिवाय चैन पडायचं नाही. दगड उलटला आणि त्याच्या खालच्या अंगावर अक्षरं निघाली. बाईचं नाव. मग शेजारचा उलटला, त्यावरही. वहिनी हातातली बादली तशीच धरून जिन्यावर जाऊन बसली. इतकी वर्षं आम्ही त्यांच्यावर चाललो, एवढंच ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती बेसमेंटमध्ये चप्पल घालून उतरली नाही.

शेताच्या कडेला, रस्त्यावर, दर वर्षी एक कृष्णवर्णीय बाई गाडी थांबवून उभी राहते, हे तेव्हा तुझ्या ध्यानात आलं. तू इतकी वर्षं तिला हात करायचास आणि तीही करायची. रोझ. त्या वर्षी तू धावत जाऊन तिला घरात आणलंस, चहा दिलास आणि खाली नेलंस. ती एकेका दगडावर हात ठेवून नाव वाचत गेली. रडली नाही. फक्त म्हणाली, आमच्या घरी म्हणायचे की शेत विकल्यावर नव्या मालकाने थडग्यांवरचे दगड उपटले, पण नेले कुठे ते कोणी सांगायचं नाही.

तिचे पूर्वज अमेरिकेच्या दक्षिणेतून पळून आले होते. एक आई आणि तिचे दोन मुलगे, एलायजा आणि सॅम्युएल. तिकडे अर्ध्या देशात माणूस विकत मिळत होता आणि उरलेला अर्धा देश त्याने वेचलेल्या कापसाचं कापड विणून अंगावर घालत होता. उत्तरेत पोचलं तरी सुटका नव्हती, पकडून परत न्यायला कायदाच होता. म्हणून ही तिघं चालत राहिली, सरहद्द ओलांडून इथवर. जंगल तोडलं, हीच जमीन कसली. आणि मग तिकडे यादवी पेटली.

हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की माझ्या कानात तुझ्याच आवाजात बसलंय. देश नकाशावर फाटत नसतो, सुधे, तो जेवणाच्या टेबलावर फाटतो. एकाच आईचे दोघे, एक उत्तरेच्या निळ्या गणवेशात, एक दक्षिणेच्या करड्या. त्याच यादवीच्या रणभूमीवर, गेटिसबर्गला नेलं होतंस आम्हाला, निखिल लहान होता, त्याला आइस्क्रीम हवं होतं आणि तू तोफांजवळ उभा राहून व्याख्यान देत होतास. मी मुद्दाम म्हणाले, हे सगळं पैशासाठी झालं, कापसासाठी, गुलामगिरी नुसती बोलायला. तू माझ्याकडे वळलास. मग तू शांतपणे विचारलंस, "आणि कापूस कोण वेचत होतं, सुधे?"

परतीच्या वाटेवर तू आपल्याच घराची कहाणी काढलीस. आपल्या पणजोबांचे वडील वऱ्हाडातल्या गावोगावी कापूस घेत फिरायचे आणि त्यांचं कसंबसं चालायचं. तिकडे युद्ध लागलं, अमेरिकेचा कापूस अडला, विलायतेच्या गिरण्या इकडे वळल्या, आणि आपल्या घरावर पहिल्यांदा कौलं चढली. आपल्या घरात हे नशीब म्हणून सांगितलं जायचं. तू म्हणालास, नशीब नव्हे, तिथे माणसं मरत होती आणि इथे आपल्याला भाव मिळत होता. मी म्हणाले, दादा, गाडी नीट चालव.

रोझच्या घरातली यादवी मात्र तिच्याकडूनच ऐकली. इथे, कॅनडात, सुरक्षित बसलेल्या त्या तिघांच्या टेबलावरही देश फाटला. सॅम्युएल म्हणाला, मी परत जाणार, उत्तरेच्या फौजेत आता आपल्या लोकांना घेतात. एलायजा म्हणाला, जिथून जीव घेऊन पळालो तिथे स्वतःच्या पायाने जायचं? सापडलास तर नुसता मारणार नाहीत, परत विकतील. दोघे भाऊ भांडले ते शेवटचं. सॅम्युएल उंच, दारातून वाकून निघावं लागायचं. तसा तो वाकून निघाला आणि आला नाही. मेल्याचा निरोप नाही, पकडल्याचा नाही.

पुष्कळ वर्षांनी एलायजाने त्याच्या नावाचा दगड घडवून आणला. नाव आणि खाली एवढंच, की युद्धावर गेला. आईने तो उभा करू दिला नाही. दगड लागला म्हणजे तो मेला, असं तिचं म्हणणं. दगड घरामागे पालथा पडून राहिला, आणि आईने मरताना स्वतःच्या शेजारची एक जागा सोडायला लावली. तिच्या पलीकडे पुढे एलायजाला पुरलं. मधली जागा तशीच.

ती जागा तू शोधून काढलीस, दादा. कॉलेजातलं ते गवत कापायच्या मशीनसारखं दिसणारं यंत्र आणलंस, जमिनीत डोकावणारं, आणि सबंध शेत पालथं घातलंस. खरं तर यंत्राची गरज नव्हती. पहिल्या विरळ बर्फात तू मला खिडकीशी बोलावून दाखवलं होतंस: हिरव्या गवतात पांढऱ्या लांबट पट्ट्या, माणसाच्या मापाच्या, ओळीने. खणलेली माती पुन्हा कधी पहिल्यासारखी बसत नाही, तू म्हणालास, थोडी खचतेच, आणि त्या खोलगटात बर्फ आधी धरतं. मला खिडकीपासून दूर व्हावंसं वाटलं. आयुष्य रोगनिदानाच्या लॅबमध्ये काढलेली मी, मला मेलेल्यांची भीती नाही. पण हे मेलेले झोपल्या जागेवरून आपला आकार दाखवत होते. त्या ओळीत मध्ये एकच जागा सलग हिरवी होती. तिथे कुणी कधी कुदळ मारलेली नव्हती.

बाकी दगड तू आणि रोझने वर आणले, कुंपण घातलं, सरकारदरबारी नोंद करून घेतली. त्यांना आता कोणी हात लावू शकत नाही. फक्त सॅम्युएलचा दगड, तोही त्याच फरशीत निघाला होता, तू वर आणेनास. रोझने तुझ्यावर सोपवलं होतं, आमच्या घरात यावर कधी एकमत झालं नाही म्हणाली. आणि इथून आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हणत होते, लाव. तो माणूस केव्हाच गेला, दादा. किती वर्षं झाली, आता कोण परत येणार आहे? तू म्हणायचास, खाली माणूस नाही, वर दगड लावू? मातीशी खोटं बोलता येत नाही. मी म्हणायचे, मातीला काय पडलंय. तू म्हणायचास, तुला वाट पाहता येत नाही, सुधे, तुला बसस्टॉपवर दहा मिनिटं उभं राहवत नाही. खरं आहे. पण माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता.

ती म्हणजे तुझी ताटली. कुणाचं श्राद्ध न करणारा तू, वहिनी गेल्यावर तिचंही न केलेला तू, दर सर्वपित्रीला भात-वरण वाढून त्या मधल्या जागेवर ठेवून यायला लागलास. मी विचारलं तर म्हणालास, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी आपल्यात धर्मपिंड असतो, तेवढा एकच विधी मला पटतो, आणि आपण त्याचं देणं लागतो. सकाळी ताटली रिकामी मिळायची. रात्री रॅकून येऊन खात असेल, तू म्हणायचास. पण रॅकून ताटली फरफटत नेतं, दादा. ही जागच्या जागी असायची, आणि दर वेळी पालथी. तू हे हसत हसत रोझला सांगितलंस, मी तिथेच होते. तिने गाडीचं दार उघडलं आणि आत बसून घेतलं. मग म्हणाली, आमच्याकडे पोट भरलं की ताट पालथं घालतात, कोणी आणखी वाढू नये म्हणून. पूर्वीपासून. त्यानंतर तू रॅकूनचं नाव काढलं नाहीस आणि मी शरदात तुझ्याकडे राहायला यायचं टाळलं.

तर काल मी चष्मा लावून पाहिलं, आणि तुझा पिंड नेमका त्या मधल्या जागेवर होता. निखिलला बिचाऱ्याला काय माहीत. थडगी सोडून सपाट जागा त्याने शोधली, आणि तिथे तेवढी एकच होती. तुझ्या दहाव्याला तुला आम्ही दुसऱ्याच्या पानावर बसवलं.

मी रोझला फोन लावला. ती आता फार थकली आहे. मी म्हणाले, घर पडणार आहे, दगड खालीच राहिला तर ढिगाऱ्यात जाईल. ती म्हणाली, उभा करा. आता त्याची वाट पाहणारं कोणी उरलं नाही, शेवटचा तुझा भाऊच होता.

दादा, इतकी वर्षं मी तेच सांगत होते, आणि काल ते ऐकून मला तिचा राग आला. तुझा नंबर मी अजून फोनमधून काढलेला नाही. तुझ्या खुर्चीवर मी निखिलला बसू देत नाही. वर्तमानपत्रात छापायला त्याने तू गेल्याच्या चार ओळी लिहून आणल्या, त्या मी अजून बाजूला ठेवल्या आहेत. आपला माणूस गेला असं दगडावर का कोरू द्यायचं नसतं, ते मला त्या आईने शिकवलं, आणि नेमकं तेव्हाच मला उलट काम करायचं होतं.

"आत्या, वुई डोन्ट हॅव टू डू धिस टुडे," निखिल म्हणाला.

"आजच करायचं. तुझ्या बापाचं जेवण अडलंय."

बेसमेंटच्या बाहेरच्या तिरक्या दारातून आम्ही तो दगड डॉलीवर, त्या दोन चाकांच्या ढकलगाडीवर घालून वर काढला. निखिल धापा टाकत होता, मी नुसत्या सूचना देत होते, ते मला छान जमतं. जमीन अजून गोठली नव्हती. डोक्याच्या बाजूला त्याने दगडापुरता खड्डा घेतला, तेवढाच, आणि दगड उभा केला. मी दगडाचं तोंड पुसलं. नाव इतकी वर्षं पालथं राहिल्यामुळे अगदी ताजं होतं, कालच कोरल्यासारखं. मी मनात म्हणाले, दादा, मी खोटं बोलते आहे मातीशी, माझ्या नावावर लाव. कावळे उडाले आणि तसेच रस्त्यापलीकडे गेले. गुरुजींनी केव्हाच फोन ठेवला होता. दर्भाचा कावळा केला नाही. ताटली उचलायला मन होईना, म्हणून तिथेच ठेवून आम्ही आत आलो.

रात्री पहिलं बर्फ पडलं, विरळ, तू दाखवायचास तसं. आज सकाळी तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी पाहिलं. हिरव्या गवतात पांढऱ्या पट्ट्या ओळीने. आईची, एलायजाची. आणि मधल्या जागेवरही.

मी कोट घालून बाहेर गेले. निखिल मागून हाका मारत होता. आम्ही काल फक्त डोक्याशी उभे होतो, दादा, बाकी गवतावर पाय ठेवला नव्हता. तरी जमीन हलकी खचली होती, दगडापासून खाली, लांबच्या लांब. तुझ्या मापाची नव्हती ती जागा. तू बरणी काढायला स्टूल घेणारा. निखिल सहा फुटांचा आहे, तो शेजारी येऊन उभा राहिला, आणि ती त्याच्याहूनही लांब होती. दारातून वाकून निघावं लागेल अशा माणसाची.

ताटली पालथी होती. मी उचलली. खालचं गवत कोरडं होतं, म्हणजे बर्फ पडायच्या आधीच ती कोणीतरी पालथी घातली होती. भाताचं एक शीतही नव्हतं.

याचं तुझ्याकडे उत्तर असतं. भेगा, निचरा, खालचा जुना ओहोळ, काहीतरी सांगितलं असतंस आणि मी तुला वेड्यात काढलं असतं. निखिलने वाकून खचलेल्या कडेला हात लावला. शेवटी म्हणाला, "आत्या, ही केम होम?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

तू जिंकलास. दगड आता खोटा नाही. रोझला फोन करून सांगितलं. मला आनंद झाला, खरंच झाला, आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. युद्धावर गेलेला तो इतक्या वर्षांनी आला, तुझ्या वाटचा भात जेवला, आणि तू जाऊन अजून दोन आठवडेही झाले नाहीत तरी तुझा कुठे पत्ता नाही.

ताटली धुतली. नवा भात लावला, वर वरण, थोडं तूप, आणि वहिनीच्या शेवटच्या बरणीतलं लिंबाचं लोणचं. या वेळी चूक केली नाही, पान तुझ्याच दाराशी ठेवलंय, जिथे तू बूट काढायचास. निखिलने गाडी गरम करून ठेवली आहे, दोनदा हॉर्न वाजवून झाला. वाजवू दे. तुझ्या खुर्चीवर बसून मी हे लिहिते आहे आणि दार उघडं आहे. मला वाट पाहता येत नाही म्हणायचास ना. बघ.